सहा प्रबंध, एक प्रश्न

विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास होते: त्यात नवं काही नसतं. एम. ए. मानसशास्त्राचे, एम. पी. एड.चे, फिजिओथेरपीचे लघुप्रबंध कपाटातून काढून पाहिले तर शीर्षकं एकमेकांची भावंडं वाटतात. ‘योगाभ्यासाचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या चिंतेवर होणारा परिणाम.’ ‘सर्किट ट्रेनिंगचा कबड्डीपटूंच्या चपळतेवर होणारा परिणाम.’ ‘शहरी व ग्रामीण किशोरांच्या भावनिक परिपक्वतेचा तुलनात्मक अभ्यास.’ गावाचं नाव बदलतं, वयोगट बदलतो, बाकी सगळं तेच. उपायही ठरलेला असतो. मुलांना नवे विषय द्या, स्वतंत्र विचार करायला लावा, निबंध छापून आणायला सांगा.

हे निदान मला वरवरचं वाटतं आणि उपाय तर अपायकारक वाटतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. आरोग्य, व्यायामशास्त्र आणि मानसशास्त्र या क्षेत्रांत पदवी आणि पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याकडून ‘स्वतंत्र आणि नवीन’ निष्कर्षाची अपेक्षा करणं, हेच त्याचं काम कच्चं राहण्याचं मुख्य कारण आहे. त्याने जुनाच प्रश्न घ्यावा. वर्गातल्या पाच-सहा जणांनी मिळून तो एकाच पद्धतीने तपासावा. काय मोजणार आणि कसं पडताळणार हे पहिला फॉर्म वाटण्याआधी लेखी बांधून घ्यावं. गुण त्या आराखड्याला आणि कामाच्या चोखपणाला मिळावेत, निष्कर्षाला नव्हे. पीएच.डी.बद्दल मी बोलत नाही. तिथे नव्याचा आग्रह योग्य आहे आणि त्यासाठी वर्षंही मिळतात. सहा महिन्यांत, इतर पेपर सांभाळून, एकट्याने केलेल्या कामाबद्दल मी बोलतो आहे.

हा प्रश्न आत्ताच उभा करायला हवा, कारण असं काम आता कित्येक पटींनी वाढणार आहे. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्याला संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते, आणि चौथ्या वर्षी त्याला १२ श्रेयांकांचा प्रबंध करावा लागतो. आजचीच पद्धत त्या मुलांच्या हाती दिली, तर कपाटं भरतील आणि ज्ञानात भर पडणार नाही.

१. तीस अधिक तीसचं गणित

लघुप्रबंधाचा नेहमीचा आराखडा घेऊ. साठ विद्यार्थी, त्यातले तीस प्रायोगिक गटात, तीस नियंत्रित गटात. सहा ते आठ आठवड्यांचा कार्यक्रम, आधी पूर्वचाचणी, शेवटी उत्तरचाचणी, मग ‘टी’ चाचणी आणि ०.०५ ची सार्थकता पातळी. तीस हा आकडा आला कुठून, असं सहसा कुणी विचारत नाही. मागच्या प्रबंधात तीस होते, म्हणून या प्रबंधातही तीस.

आता हिशेब मांडू. दोन गटांच्या सरासरीतलं अंतर प्रमाण विचलनाच्या मापात सांगतात. हे अंतर खरोखरच अर्ध्या प्रमाण विचलनाइतकं असलं, म्हणजे चांगलं घसघशीत असलं, तरी तीस-तीसच्या गटांत ते ‘सार्थक’ म्हणून सापडण्याची शक्यता साधारण ४८ टक्के असते. नाणं उडवलं तरी याहून बरी शक्यता हाती असते. अंतर ०.३ असेल, तर ही शक्यता जेमतेम २१ टक्क्यांवर येते. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास चालवलेल्या कार्यक्रमाकडून याहून मोठ्या परिणामाची आशा करायला मला तरी आधार दिसत नाही. पूर्वचाचणीचे गुण हिशेबात नीट धरले तर फरक सापडण्याची ही शक्यता वाढते हे खरं, पण ०.३ च्या परिणामासाठी ती तरीही तोकडीच पडते.

पुढची पायरी याहून गंभीर आहे, आणि ती वर्गात शिकवलेली मी क्वचितच पाहिली आहे. तीस-तीसच्या गटांत फरक सार्थक ठरायला नमुन्यात दिसणारं अंतर निदान ०.५२ च्या आसपास असावं लागतं. म्हणजे खरा परिणाम ०.३ असेल, तर सार्थक ठरलेला प्रत्येक प्रबंध तो निदान १.७ पट फुगवून सांगणार. यात विद्यार्थ्याचा अप्रामाणिकपणा काहीच नाही. जाळ्याची भोकंच एवढी मोठी आहेत की त्यात फक्त योगायोगाने मोठे झालेले मासे अडकतात. मग पुढच्या वर्षीचा विद्यार्थी हा फुगलेला आकडा ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या प्रकरणात उतरवतो आणि त्याच्या भरवशावर स्वतःही तीसच माणसं घेतो.

०.३ चा परिणाम ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १७५ माणसं लागतात, दोन्ही मिळून ३५०. एकट्या विद्यार्थ्याला हे जमणार नाही. पण सहा विद्यार्थ्यांनी प्रत्येकी साठ जण घेतले तर ३६० होतात. तेच श्रम, तेवढेच दिवस, झेरॉक्सचा खर्चही तेवढाच. आज हे सहा जण सहा वेगवेगळ्या विषयांवर सहा दुबळे अभ्यास करतात, कारण ‘विषय वेगळा हवा’ असं त्यांना सांगितलेलं असतं. त्याच सहा जणांनी एकच विषय घेतला, तर एका प्रश्नाचं भरवशाचं उत्तर मिळतं. माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा या साध्या बेरजेत आहे.

संख्या वाढवली की सगळे दोष जातील, असं मात्र मी म्हणत नाही. चिंतेच्या चाचणीत सर्वांत जास्त गुण पडलेली मुलं निवडून त्यांना प्राणायाम शिकवला, तर आठ आठवड्यांनी त्यांचे गुण उतरणारच. टोकाचे गुण दुसऱ्या मोजणीत सरासरीकडे सरकतात. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ सालीच उंचीच्या मोजमापांत हे दाखवलं होतं. शटल रनमध्ये मुलं दुसऱ्या खेपेला चांगली धावतात, कारण वळायचं कसं हे त्यांना पहिल्या खेपेत कळलेलं असतं. ५० मीटर धावण्याची वेळ हातातल्या स्टॉपवॉचवर घेतली असेल, तर ०.१ सेकंदाची ‘प्रगती’ म्हणजे बहुधा घड्याळवाल्याचा अंगठा. ॲथलेटिक्समध्ये छोट्या शर्यतींच्या हाताने घेतलेल्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून मग ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडण्याची पद्धत रूढ आहे. यावरून हाताच्या मोजणीची मर्यादा कळावी. हे दोष आराखड्यातच पकडावे लागतात. एकट्याने रातोरात लिहिलेल्या सिनॉप्सिसपेक्षा सहा जणांनी भांडून पक्क्या केलेल्या आराखड्यात ते पकडले जाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

२. नव्याच्या हव्यासाची किंमत मोठ्यांनी मोजली आहे

नवा, लक्षवेधी, सार्थक निष्कर्ष हवा, ही अपेक्षा आपण पाश्चात्त्य विद्यापीठांकडून घेतली. तिचं पुढे काय झालं, याची दखल मात्र घेतली नाही. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात २७० संशोधकांनी मिळून केलेलं एक काम प्रसिद्ध झालं. मानसशास्त्राच्या तीन नामांकित नियतकालिकांतले १०० अभ्यास त्यांनी पुन्हा करून पाहिले होते. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक निष्कर्ष होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच मिळाला.

हे पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचलेल्या कल्पनांनाही चुकलं नाही. मनोनिग्रह हा स्नायूसारखा थकतो, ही रॉय बॉमाइस्टर यांची १९९८ ची मांडणी. समोर ताजी चॉकलेट बिस्किटं ठेवून मुळ्याच खायला लावलेले लोक नंतर अवघड कोडं लवकर सोडून देतात, असा तो प्रयोग. त्याच कल्पनेची वेगळ्या कामावर पडताळणी २३ प्रयोगशाळांनी २,१४१ लोकांवर केली, आणि २०१६ साली निष्कर्ष आला की परिणाम जवळपास शून्य. दोन मिनिटं ऐटीत उभं राहिल्याने संप्रेरकं बदलतात आणि धाडस वाढतं, हा २०१० चा निष्कर्ष ४२ जणांवरचा होता. २०१५ साली तो २०० जणांवर तपासला गेला, तेव्हा स्वतःला जोरकस वाटण्यापलीकडे काही आढळलं नाही. मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ साली आपला त्या परिणामावर आता विश्वास नाही असं जाहीरपणे सांगितलं. हे धैर्य मला कुठल्याही नव्या शोधापेक्षा मोठं वाटतं. आपल्याकडची व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं मात्र ती ऐट अजून शिकवतात.

मुरलेल्या संशोधकांकडे पैसा, प्रयोगशाळा आणि वेळ असूनही त्यांचे एकेकट्याचे छोटे ‘नवे’ अभ्यास टिकले नाहीत. मग बाविसाव्या वर्षीच्या मुलीकडून, सहा महिन्यांत, साठ माणसांवर, आपण काय म्हणून नव्याची मागणी करतो?

पडताळणीच्या कामाला माणसांची गरज असते, आणि विद्यार्थी हे मोठंच मनुष्यबळ आहे. अमेरिकेत या विचारातून विद्यार्थ्यांसाठीच एक सामूहिक पडताळणी प्रकल्प उभा राहिला. एक गाजलेला अभ्यास निवडायचा, वेगवेगळ्या कॉलेजांतल्या मुलांनी तो एकाच कार्यपद्धतीने करायचा, सुरुवातीपूर्वी साहित्य आणि कृतीचं चित्रीकरण तपासून घ्यायचं, शेवटी सगळ्यांची माहिती एकत्र करायची. हाँगकाँग विद्यापीठात गिलाड फेल्डमन यांनी निर्णयशास्त्रातले जुने प्रयोग पुन्हा करण्याचं काम आपल्या विद्यार्थ्यांच्या वर्गालाच दिलं, आणि त्यातून छापण्याजोगे निबंध निघाले. विद्यार्थी काम खालच्या दर्जाचं करतो, हा समज अशा उपक्रमांत टिकत नाही.

३. ‘सार्थक’ येण्याचा दबाव

कुणी म्हणेल, आपल्याकडे कोण कुठे नवं मागतं. पुनरावृत्तीच तर चालली आहे. ही आपल्या परिस्थितीतली विसंगती नीट पाहायला हवी. विद्यार्थी जुनाच विषय घेतो, पण तो जुना आहे हे लपवतो, कारण ‘संशोधनाचे वेगळेपण’ असं एक उपशीर्षक त्याला भरायचं असतं. त्यासाठी तो तालुका बदलतो, प्रश्नावलीतली दहा विधानं बदलतो, कार्यक्रमात दोन आसनं वाढवतो. एवढ्या फेरफारानंतर त्याचा अभ्यास आधीच्या कुठल्याच अभ्यासाशी ताडता येत नाही. नवेपण मिळत नाही आणि पडताळणीही होत नाही.

शेवटी ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे’ हे वाक्य यावंच लागतं. ते आलं नाही, तर व्हायवाला ‘मग तुम्ही सिद्ध काय केलं?’ असा प्रश्न येईल, ही भीती असते. त्या भीतीची आकडेवारीही मांडता येते. एका प्रश्नावलीत दहा उपघटक असतील, आणि प्रत्येकावर मुलगे-मुली आणि शहरी-ग्रामीण अशी तुलना केली, तर वीस चाचण्या होतात. त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या आणि प्रत्यक्षात कुठेही काडीचा फरक नसला, तरी वीसपैकी निदान एक ‘सार्थक’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. ती एक उचलून तिच्याभोवती चर्चेचं प्रकरण लिहिणं सोपं असतं. आरंभी गृहीतक काय होतं हे कुणी बांधून घेतलेलं नसल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही.

आपली तपासणीची व्यवस्था भलत्याच ठिकाणी कडक आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य क्षम्य, त्यापुढे पायऱ्या-पायऱ्यांनी शिक्षा. शब्दांची चोरी शोधायला सॉफ्टवेअर आहे. आकड्यांच्या मूळ तक्त्याला मात्र कुणी हात लावत नाही. भरलेले फॉर्म कुठे आहेत, किती जण मधेच गळाले, कुणाचे गुण वगळले, हे प्रश्न बहुतेक तोंडी परीक्षांत विचारले जात नाहीत. मूळ कागद शेवटी रद्दीत जातात. निष्कर्षाची खातरजमा आपण करत नाही, त्याच्या वेष्टणाची करतो.

छापून आणण्याच्या सक्तीचे परिणामही आपल्यासमोर आहेत. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीची छाननी मांडली. विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या १,००९ नियतकालिकांचं त्यांनी विश्लेषण केलं, त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची ठरली. विद्यार्थ्याला ‘छापून आण’ म्हणणं म्हणजे त्याला या बाजारात ढकलणं.

४. मोजपट्टी कुणाची?

इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे. जुन्या प्रश्नांत काही उरलं नाही असं मानणाऱ्यांनी आपल्या रोजच्या वापरातल्या मोजपट्ट्या एकदा तरी उलटून पाहाव्यात.

व्यायामशाळेच्या भिंतीवर आणि शारीरिक शिक्षणाच्या वहीत एक सूत्र असतं: २२० वजा वय म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा. हे सूत्र कुठल्याही नेमक्या प्रयोगातून आलेलं नाही. १९७० च्या सुमारास सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल यांनी आधी छापल्या गेलेल्या मोजक्या अभ्यासांतली माहिती आलेखावर मांडली, तिच्यातून अंदाजाने एक रेष काढली, आणि तीच जगभर सूत्र म्हणून रूढ झाली. २००१ साली हिरोफुमी तानाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतली १८,७१२ माणसांची माहिती एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं दुरुस्त सूत्र दिलं. तरीही माणसामाणसांतला फरक सुमारे दहा ठोक्यांचा राहतोच. वीस वर्षांच्या मुलाला पहिलं सूत्र २०० सांगतं, दुसरं १९४. साठीच्या माणसाला पहिलं १६०, दुसरं १६६. हृदयविकारातून उठलेल्या माणसाच्या व्यायामाची मात्रा ठरवताना असे फरक किरकोळ राहत नाहीत. आपल्या विदर्भातल्या चाळिशीच्या शेतकऱ्याला, मुंबईच्या लोकलमध्ये रोज तीन तास उभं राहणाऱ्या बाईला यातलं कुठलं सूत्र लागू पडतं? फिजिओथेरपीच्या सहा विद्यार्थ्यांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एकाच पद्धतीने, वेगवेगळ्या वयोगटांत हे मोजलं, तर त्यात ‘नवं’ काहीच नसेल. उपयोग मात्र दुसऱ्या दिवसापासून होईल.

शरीर सगळीकडे सारखंच असतं हा समजही किती फसवा आहे, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी एका छायाचित्रातून दाखवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी-शेजारी छापलं गेलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या शारीरिक शिक्षणाच्या प्रबंधांत कातडीची घडी चिमट्याने मोजून चरबी काढतात, ती पुष्कळदा डर्निन आणि वॉमर्स्ली यांच्या १९७४ च्या समीकरणांनी. ती समीकरणं स्कॉटलंडमधल्या ४८१ स्त्री-पुरुषांवर बेतलेली आहेत. आपल्या कबड्डीपटूचा आकडा त्यातून काढायचा आणि दशांश चिन्हानंतर दोन घरं लिहायची, याला नेमकेपणा म्हणता येत नाही.

मानसशास्त्रात ही अडचण दुप्पट होते, कारण तिथे मोजपट्टी शब्दांची असते. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली लक्ष वेधलं होतं की मानसशास्त्रातल्या नमुन्यांपैकी ९६ टक्के लोक जगाच्या अवघ्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतले आहेत. त्या लोकांसाठी घडवलेल्या प्रश्नावल्या आपण मराठीत आणतो, तेही बहुधा घाईघाईने. ‘चिंता’ हा शब्द प्रश्नावलीत असतो, पण वसतिगृहातली मुलगी बोलताना ‘काळजी’ म्हणते, ‘धास्ती’ म्हणते, ‘छातीत धडधडतं’ म्हणते, आणि सर्वांत जास्त वेळा ‘टेन्शन’ म्हणते. या टेन्शनमध्ये फी भरायची राहिल्यापासून घरच्या भांडणापर्यंत सगळं मावतं. गाव सोडून आलेला मुलगा म्हणतो, ‘इथे करमत नाही.’ हे करमत नसणं नैराश्याच्या खान्यात टाकायचं, एकटेपणाच्या, की घरच्या ओढीच्या? आपल्या भाषेने तिन्ही एका क्रियापदात बांधली आहेत. त्यात भर म्हणजे उलटी विधानं. ‘मला अस्वस्थ वाटत नाही’ या वाक्यापुढे ‘कधीच नाही’ हा पर्याय आला, की उत्तर देणाऱ्याला दोन नकारांचा गुंता सोडवावा लागतो. त्या गुंत्यातून निघालेले गुण आपण ‘ग्रामीण विद्यार्थ्यांची चिंतापातळी’ म्हणून छापतो.

एखाद्या प्रश्नावलीचं मराठी रूप घेऊन चाळीस जणांसमोर बसावं, प्रत्येक विधान वाचून दाखवावं, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ असं विचारावं आणि उत्तरं जशीच्या तशी टिपावीत. मग दुसऱ्या कुणाकडून ते मराठी पुन्हा इंग्रजीत करून घ्यावं आणि मुळाशी ताडून पाहावं. एवढाच एक संपूर्ण लघुप्रबंध होऊ शकतो. माझ्या मते तो वीस ‘तुलनात्मक अभ्यासां’पेक्षा मोलाचा ठरेल. आणि हे काम मराठी घरात वाढलेला विद्यार्थीच करू शकतो, परदेशातला कितीही मोठा प्राध्यापक नव्हे.

५. वर्गात प्रत्यक्ष काय व्हावं

सत्राच्या पहिल्या महिन्यात विभागाने दोन-तीन जुने प्रश्न निवडावेत. प्रत्येक प्रश्नामागे पाच ते आठ विद्यार्थी. आराखडा एकच: कोण सहभागी होऊ शकतं, चाचणी कोणती, किती वाजता, कुठल्या क्रमाने, मुख्य तुलना कोणती, कुणाला आणि का वगळणार. त्याची प्रत तारखेसह विभागाकडे जमा करावी, मग त्यात बदल नाही. ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपली क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ साली सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच तिथे नोंद करावी लागते. एम. डी.चा विद्यार्थी औषधाची चाचणी करतो तेव्हा हे पाळतो. मानसशास्त्र आणि शारीरिक शिक्षणाच्या विभागांनी तीच शिस्त घरच्या घरी लावायची आहे.

निम्मे गुण या टप्प्यावर, निकाल कळण्याआधी द्यावेत. नियतकालिकांच्या जगात आराखडा आधी तपासून स्वीकारण्याची पद्धत २०१३ पासून रुळली. मानसशास्त्रातल्या अशा निबंधांची पाहणी ॲना शील आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली केली. नेहमीच्या निबंधांत पहिलं गृहीतक ९६ टक्के वेळा खरं ठरत होतं. आधी स्वीकारलेल्यांत ४४ टक्के वेळा. उरलेलं अपयश पूर्वी कुठे जात होतं, हे त्या दोन आकड्यांवरून कळतं.

प्रत्येकाने दुसऱ्याच्या सहभागींपैकी दहा जणांची मोजणी पुन्हा करावी. दोन हातांनी घेतलेली मापं किती जुळतात हे त्यातून आपोआप कळतं, आणि आकडे घरी बसून भरण्याची सोयही संपते. नाव-गाव काढून टाकलेला मूळ तक्ता ग्रंथालयात प्रबंधासोबत ठेवावा. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर जातात, पदव्युत्तर लघुप्रबंधांचे आकडे बहुधा कुठेच जात नाहीत.

६. आक्षेप

पहिला आक्षेप जिज्ञासेचा. दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करण्यात मुलाचं मन कसं रमेल? मला उलट वाटतं. संगीताचा विद्यार्थी पहिली काही वर्षं गुरूची बंदिशच गातो, आणि त्यातच त्याचा कान तयार होतो. शिवाय खरी उत्सुकता निकाल अनिश्चित असतानाच वाटते. प्रसिद्ध निष्कर्ष आपल्या हातून येतो की नाही, यातली धाकधूक ठरवून आणलेल्या ‘सार्थक’ निकालात कुठून येणार?

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि मी तो मानतो. सामूहिक कामात एक राबतो आणि चार जण नावं लावतात. म्हणून माहिती गोळा करणं प्रत्येकाचं स्वतंत्र असावं, चर्चेचं प्रकरण प्रत्येकाने स्वतः लिहावं आणि तोंडी परीक्षा एकट्याची व्हावी. मुख्य प्रश्नाला धक्का न लावता प्रत्येकाने आपला एक उपप्रश्न जोडावा आणि तो प्राथमिक चाचपणी आहे हे तसंच लिहावं. एवढं करूनही कुणी फसवेल. आज तर प्रबंधच्या प्रबंध बाहेरून करून मिळतात.

तिसरा आक्षेप मार्गदर्शकांचा: आमच्याकडे आधीच भरमसाट विद्यार्थी आहेत. तसं असेल तर आठ वेगळ्या विषयांऐवजी एक आराखडा नीट पाहणं त्यांना सोपं जाईल.

चौथा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, पण असतो. योग, प्राणायाम, सूर्यनमस्कार यांच्या अभ्यासात ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहिलं, तर परंपरेचा अवमान होईल असं काहींना वाटतं. त्यांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामकडे पाहावं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली संस्थेसोबतच ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं, आणि त्यात उड्डियान नि नौली यांच्या वेळचे क्ष-किरण आणि मोठ्या आतड्यातल्या दाबाची मोजमापं छापली. योगावर त्यांची निष्ठा होती, आणि म्हणूनच तो त्यांनी यंत्रापुढे ठेवला. शंभर वर्षांनंतर त्यांच्याच विषयावर आपण गृहीतक आधीच खरं मानून प्रबंध लिहितो, याचं मला मनापासून दुःख होतं.

७. ज्यांनी फॉर्म भरला त्यांचं काय

या चर्चेत आतापर्यंत विद्यार्थी होता, मार्गदर्शक होता, परीक्षक होता. राहिला तो सहभागी. त्याने आपला तास दिला, बोटाला सुई टोचून घेतली, मनातलं कागदावर उतरवलं. ज्या अभ्यासातून उत्तर मिळणं पहिल्या दिवसापासूनच जवळपास अशक्य होतं, त्यासाठी हे सगळं घेणं नैतिक नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं माणसांवरच्या आरोग्य संशोधनासाठी नैतिकता समितीची आधी संमती घ्यायला सांगतात, आणि अभ्यास शास्त्रीयदृष्ट्या पक्का असणं हा त्या नैतिकतेचाच भाग आहे. संमतिपत्रावर सही घेतली म्हणजे ही जबाबदारी फिटत नाही.

एक नेमकं उदाहरण घेतो. नैराश्य मोजायला आपल्याकडचे विद्यार्थी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी सर्रास वापरतात. तिचा नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. साठ फॉर्म वर्गात वाटले जातात, गोळा होतात, पिशवीत पडतात. दोन-तीन आठवड्यांनी एक्सेलमध्ये आकडे भरताना विद्यार्थ्याला दिसतं की कुणीतरी नवव्या प्रश्नापुढे ‘जवळजवळ दररोज’ वर खूण केली आहे. फॉर्मवर नाव नाही. असलं, तरी कुणाला सांगायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. प्रबंधात तो आकडा सरासरीत मिसळून जातो.

सहा जणांच्या सामायिक आराखड्यात या प्रश्नासाठी एक स्वतंत्र परिच्छेद लिहिता येतो, आणि तो लिहिल्याशिवाय आराखडा मंजूर होऊ नये. प्रत्येक फॉर्मला सांकेतिक क्रमांक असेल आणि क्रमांक-नावांची यादी विभागातल्या एकाच जबाबदार व्यक्तीकडे कुलुपात राहील. गरज पडली तर ती यादी उघडली जाईल, हे सहभागीला संमती घेतानाच सांगितलं जाईल. प्रत्येक सहभागीच्या हाती टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापलेली चिठ्ठी दिली जाईल. आणि फॉर्म गोळा झाल्यावर खोलीबाहेर पडण्याआधी, सहांपैकी कुणीतरी एक जण, ज्याचं नाव त्या परिच्छेदात लिहिलेलं आहे, प्रत्येक कागदावरचा नववा प्रश्न डोळ्यांखालून घालेल.